क्लचचे पेडल खाली गेले आणि करकरू लागले, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे

क्लचचे पेडल हळूहळू खाली जाऊ लागते, पहिला गिअर पडताना अडतो, रिव्हर्स टाकताना दातांवर दात घासल्याचा आवाज येतो आणि पाय दाबला की प्रत्येक वेळी पायाशी करकर ऐकू येते. मारुती ८००, ओम्नी, अल्टो यांसारख्या केबलच्या क्लचवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांना ही तक्रार चांगलीच परिचयाची असते. बहुतेक वेळा तिचे निदान एका वाक्यात उरकले जाते : ‘क्लच प्लेट गेली, सेट बदलावा लागेल.’ मला या लेखात सांगायचे आहे ते असे की, पेडल खाली जाणे हे प्लेट झिजल्याचे लक्षण सहसा नसते. केबलच्या गाडीत प्लेट झिजते तेव्हा नेमके उलटे घडते. दोष बहुधा हाताला लागेल अशा जागी असतो, म्हणजे पेडलच्या पिनवर, पिनभोवतीच्या बुशमध्ये (नळीसारख्या कडीमध्ये), केबलमध्ये किंवा हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची गाडी असेल तर ऑइलच्या मार्गात. तो शोधायला पोलादी पट्टी, टॉर्च, दोन पाने आणि पेडल दाबायला एक मदतनीस एवढे पुरते. केबल काही शे रुपयांत येते. क्लचचा सेट आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मिळून काही हजारांचा खर्च होतो. एवढा फरक असताना तपासणी न करता सेट मागवणे मला मुळीच पटत नाही.

पेडल दाबल्यावर नेमके काय होते

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चक्र बसवलेले असते आणि ते इंजिनाबरोबर सतत फिरते. त्याला लागून क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असते आणि तिचा मधला भाग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेला असतो. तिच्या मागे प्रेशर प्लेट असते, आणि प्रेशर प्लेटला जोर देणारी, मध्याकडे पाकळ्या असलेली डायफ्रॅम स्प्रिंग असते. पाय पेडलवर नसतो तेव्हा ही स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते, त्यामुळे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की केबल एका फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे सरकवतो, बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्यांची टोके फ्लायव्हीलच्या दिशेने आत दाबते आणि त्यामुळे स्प्रिंगची बाहेरची कड मागे येऊन प्लेटवरचा दाब सुटतो.

या सगळ्या साखळीत तरफा आहेत, कारण इतकी कडक स्प्रिंग नुसत्या पायाने दबणार नाही. पेडल ही एक तरफ, फोर्क ही दुसरी. तरफेने जोर वाढतो, पण अंतर त्याच प्रमाणात कमी होते. पेडल दहा-बारा सेंटिमीटर खाली जाते तेव्हा रिलीज बेअरिंग जेमतेम सेंटिमीटरभर सरकते. या हिशेबातूनच पुढचे सारे निदान निघते. पेडलच्या वरच्या टोकाला, जिथे केबलचा हूक अडकतो तिथे, बुश आणि हूक झिजून दोन मिलिमीटर ढिलाई आली, आणि पेडलचे प्रमाण एकास पाच धरले, तर पायाखाली एक सेंटिमीटर चाल फुकट जाते. बेअरिंगपाशी ढिलाई आली तर तिचा गुणाकार आणखी मोठा होतो. डोळ्यांना न दिसणारी झीज पायाला इतकी ठळक जाणवते ती यामुळे.

आता प्लेटच्या झिजेकडे पाहू. अस्तर झिजून प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने थोडी पुढे सरकते. तिच्याबरोबर स्प्रिंगची बाहेरची कड पुढे जाते आणि पाकळ्यांची आतली टोके मागे, म्हणजे रिलीज बेअरिंगच्या दिशेने येतात. बेअरिंग आणि पाकळ्या यांच्यातले अंतर त्यामुळे कमी होते. केबलच्या क्लचमध्ये याचा परिणाम असा की पेडलची मोकळी चाल कमी होते आणि क्लच वर, आणखी वर पकडू लागतो. स्प्रिंगचा कोन बदलल्यामुळे पेडल जडही लागू लागते. म्हणून ‘क्लच फार वर सुटतो, पेडल कडक झाले आहे आणि चढावर इंजिन नुसते ओरडते, गाडी मात्र उचलत नाही’ ही झिजलेल्या प्लेटची तक्रार आहे. ‘पेडल खाली गेले, क्लच जमिनीजवळ सुटतो आणि गिअर अडतो’ ही साखळीत कुठेतरी चाल हरवल्याची तक्रार आहे. या दोन्ही तक्रारी घेऊन येणाऱ्यांना एकच उपाय सांगितला जातो, ही मोठी अडचण आहे.

‘खाली’ म्हणजे कुठे खाली

पेडल खाली गेले असे आपण तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतो आणि निदान करण्यापूर्वी त्या वेगळ्या काढाव्या लागतात. पहिली म्हणजे पाय काढल्यावरही पेडल ब्रेकच्या पेडलपेक्षा खाली बसलेले असते. दुसरी म्हणजे पेडल आपल्या जागी वर येते, पण सुरुवातीचा बराच भाग पोकळ लागतो आणि क्लच शेवटी, जमिनीजवळ सुटतो. तिसरी म्हणजे पेडल दाबून धरल्यावर ते पायाखाली हळूहळू आणखी खाली सरकते, किंवा दाबल्यावर वर येतच नाही. पहिलीत परत ओढणारी स्प्रिंग, पेडलचा वरचा अडसर किंवा पिनवरचा बुश यांचा संशय घ्यावा. दुसरीत केबल आणि तिचे टेकण. तिसरी जवळजवळ नेहमी हायड्रॉलिक क्लचची असते.

मोजमाप घेण्याआधी पायाखालची मॅट काढून ठेवावी. हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण मूळ गालिच्यावर रबरी मॅट आणि तिच्यावर हल्ली मिळणारी जाड, कडा उंचावलेली मॅट असे थर असले तर पेडलची शेवटची एक-दोन सेंटिमीटर चाल तिथेच अडते. क्लच पूर्ण सुटायला नेमका तोच भाग हवा असतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या खाली अशी मॅट सरकणे तर सरळ धोक्याचे आहे, म्हणून ती परत घालताना हूकला नीट अडकवावी.

मग इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून, पोलादी पट्टी पेडलशेजारी जमिनीवर उभी धरावी. पाय न लावता पेडलच्या रबराची उंची किती आणि ब्रेकच्या पेडलची किती, हे लिहून घ्यावे. बऱ्याच गाड्यांत दोन्ही जवळपास एका रेषेत असतात. नंतर पेडल पायाने नव्हे, दोन बोटांनी दाबावे. सुरुवातीला ते अगदी हलके जाते आणि मग अचानक जड लागते. तो जडपणा म्हणजे बेअरिंग पाकळ्यांना टेकल्याची खूण. तोवर गेलेले अंतर म्हणजे मोकळी चाल, गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’. पायाने हा बदल कळत नाही, बोटांना लगेच कळतो. समायोजनाची सोय असलेल्या केबलच्या छोट्या गाड्यांत ही चाल साधारण १० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावा. शेवटी मोकळ्या सपाट जागी इंजिन चालू करून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत गाडी हलू लागते ती जागा मोजावी. ती पेडलच्या एकूण चालीच्या साधारण मध्याच्या आसपास असली तर ठीक. जमिनीपासून दोन बोटांवरच गाडी हलत असेल तर चाल खरोखरच हरवलेली आहे.

क्लच पूर्ण सुटतो की नाही, याची चाचणी रिव्हर्स गिअरने करावी, कारण अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून देणारी कडी, नसतो आणि तो लबाडी करू देत नाही. इंजिन आयडलवर असताना पेडल तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तो आवाज न करता पडला तर क्लच सुटतो आहे. तेवढे थांबूनही खरखर झाली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट अजून फिरतो आहे, म्हणजे क्लच अर्धवट धरलेलाच राहतो. अशी गाडी तशीच चालवत राहिल्यास गिअरचे सिंक्रोनायझर झिजतात आणि स्वस्तातला दोष महाग होतो.

पावसाळ्यात काही आठवडे न हललेल्या गाडीत वेगळा प्रकार होतो. दमट हवेमुळे क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटून बसते. पेडलची उंची आणि मोकळी चाल तेव्हा बरोबर भरते, तरी गिअर पडत नाही. कोकणात ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. त्या वेळी केबलची ढिलाई कमी-जास्त करणारा नट फिरवून काही उपयोग नाही.

केबल पाहण्याची रीत

क्लचची केबल सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखीच असते : बाहेर न दबणारे आवरण आणि आत सरकणारी पीळदार तार. आतली तार ओढ देते, पण बाहेरचे आवरण दोन्ही टोकांना पक्के टेकलेले असेल तरच त्या ओढीला अर्थ राहतो. बहुतेक जण फक्त तारेकडे पाहतात आणि टेकण विसरतात.

ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सारून, डोके डॅशबोर्डखाली घालून, टॉर्चच्या उजेडात पेडलचे वरचे टोक पाहावे. जुन्या गाडीत दृश्य बहुधा असे असते : पिनभोवती ग्रीसचा काळा, सुकून कडक झालेला थर, त्याच्याखाली तपकिरी गंजाची पूड, आणि पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवले तर ते पिनवर डुलते. नायलॉनचा बुश मूळचा गोल. झिजून तो लांबट झालेला असतो आणि पिनच्या एकाच बाजूला चकचकीत खाच पडलेली असते. केबलचा हूक जिथे अडकतो तिथेही अशीच खाच असते. त्या खाचेपाशी तारेचा एखादा धागा तुटून बाहेर आलेला आहे का, हे नखाने हळूच चाचपून पाहावे. एकही धागा तुटला असेल तर समायोजन करत बसू नये, केबल बदलावी. धागे एकामागून एक तुटत जातात, प्रत्येक तुटीबरोबर उरलेली तार थोडी ताणली जाते, पेडल थोडे खाली येते, आणि एक दिवस पेडल पायाखाली धप्पकन जमिनीला टेकते. घाटात, उतारावर, मागे ट्रक असताना तसे व्हायला नको. नट फिरवल्यावर चार दिवसांत पेडल पुन्हा खाली येत असेल, तर केबल तुटण्याच्या वाटेवर आहे असेच समजावे.

यानंतर बोनेट उघडून मदतनिसाला पेडल सावकाश दाबायला सांगावे आणि केबलचे आवरण फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात, जिथे टेकते तिथे नजर ठेवावी. आवरणाचे टोक जागचे हलता कामा नये. ते पत्र्यात रुतत असेल, रबरी टेकण चेपले असेल किंवा पत्राच आत-बाहेर फुगत असेल, तर पायाची चाल तिथे खर्ची पडते आहे. गंजलेल्या जुन्या गाडीत त्या भोकाभोवती पत्र्याला चीर गेलेलीही दिसू शकते. तिला वेल्डिंग किंवा पट्टीचा आधार लागतो आणि नवी केबल टाकूनही ती दुरुस्त होत नाही. केबल कुठे तीव्र वळण घेते का, एक्झॉस्टच्या गरम नळाला चिकटून आवरण वितळले आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

शेवटी गिअरबॉक्सपाशी, फोर्कचा बाहेरचा दांडा पाहावा. पेडल पूर्ण दाबल्यावर दांडा नीट सरकतो, पण क्लच मात्र सुटत नाही, असे असेल तर संशय आता गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर जातो. पेडल पुष्कळ जाते आणि दांडा थोडाच हलतो, असे असेल तर दोष पेडल आणि दांडा यांच्यामध्येच आहे. दोष आत की बाहेर, याचा निवाडा या एका निरीक्षणाने होतो, म्हणून ते टाळू नये.

नट फिरवून पेडल वर आणणे

समायोजनाचा नट बहुतेक केबलच्या गाड्यांत फोर्कच्या दांड्यापाशी, केबलच्या आटे पाडलेल्या टोकावर असतो. काही गाड्यांत तो हाताने फिरवता येण्याजोगा, दोन कान असलेला असतो, तर काहींत दोन साधे नट असतात : एक समायोजनाचा आणि एक त्याला जागी धरणारा लॉकनट. काही मॉडेलमध्ये पेडलपाशीच दात असलेली आपोआप समायोजन करणारी यंत्रणा असते. तिथे नट शोधत बसू नये, तिचे दात आणि स्प्रिंग तपासावी.

काम इंजिन थंड असताना, गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून करावे. आट्यांवरची माती ब्रशने काढून गंज सोडवणारे तेल मारावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. नट फिरवताना आटे पाडलेला दांडा पकडीने धरून ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर नटाबरोबर आतली तारही पिळते आणि तिचे धागे तुटायला तिथूनच सुरुवात होते. नट दांड्यावर पुढे कसला की केबलची ढिलाई कमी होते आणि क्लच वर पकडू लागतो. सैल केला की खाली. एका वेळी एकच फेरा द्यावा, पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडावे, मग बोटांनी मोकळी चाल पुन्हा मोजावी. घाई केली तर आपण कुठे होतो हेच कळत नाही, म्हणून सुरुवातीला नटाच्या मागे उरलेले आटे मोजून ठेवावेत. चाल पुस्तिकेतल्या आकड्यात आली की फोर्कचा दांडा हाताने हलवून पाहावा. तो दोन-चार मिलिमीटर मोकळा हलला पाहिजे. मग लॉकनट घट्ट करावा.

चूक होते ती बहुधा जास्त कसण्याची. पेडल उंच आले, क्लच चटकन सुटतो, गिअर लोण्यासारखे पडतात, म्हणून मालकही खूश होतो. मोकळी चाल मात्र शून्य झालेली असते. रिलीज बेअरिंग मग पाकळ्यांना सतत टेकून फिरत राहते, स्प्रिंगवर कायम थोडा दाब राहतो आणि क्लच प्लेट चढावर घसरू लागते. आधी प्लेट शाबूत होती, ती आता खरोखर जळते. खंबाटकी किंवा कसारा घाटात भरलेली गाडी चढवताना जळक्या वासाने हे लक्षात येते, तोवर नुकसान होऊन गेलेले असते. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवण्याच्या सवयीचा परिणामही हाच असतो, कारण पायाचे नुसते वजन ती मोकळी चाल खाऊन टाकते.

नट आट्यांच्या शेवटापर्यंत आला आणि तरी पेडल खालीच असेल तर केबल ताणली गेली आहे, टेकण खचले आहे किंवा फोर्क वाकला आहे. आटे संपल्यावर वॉशर घालून वेळ मारून नेण्याची पद्धत मी अनेक गाड्यांत पाहिली आहे. तसे करू नये. तिने काही दिवस मिळतात, पण तुटू घातलेली केबल झाकली जाते.

करकर कुठून येते

आवाजाचा शोध इंजिन बंद ठेवून सुरू करावा. इंजिन बंद असताना क्लचमधले काहीच फिरत नाही. तरीही पेडल दाबल्यावर करकर येत असेल तर तो आवाज एखाद्या कोरड्या सांध्याचा किंवा घासणाऱ्या तारेचा आहे. रिलीज बेअरिंगचा तो नसतो, कारण खराब बेअरिंग घोंघावते किंवा किंचाळते, आणि तेही इंजिन चालू असताना पेडल दाबल्यावर. याच्या उलट, पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहावे लागेल.

कोरडा आवाज येण्याच्या जागा थोड्याच आहेत. मदतनिसाने पेडल अगदी सावकाश दाबावे आणि आपण एकदा डॅशबोर्डखाली, एकदा बोनेटखाली कान द्यावा. त्याहून खात्रीची रीत स्पर्शाची आहे : पेडलच्या पिनच्या टोकावर बोट ठेवले असता करकरीबरोबर थरथर जाणवली तर आवाज तिथलाच. मग परत ओढणाऱ्या किंवा पेडलला साहाय्य करणाऱ्या स्प्रिंगची दोन्ही टोके, मग केबलचा हूक, मग बोनेटखाली केबलचे आवरण आणि शेवटी फोर्कचा दांडा गिअरबॉक्समध्ये शिरतो ती जागा, असे पुढे पुढे जावे. फिरणाऱ्या भागांजवळ हात नेण्याचा प्रश्न येऊ नये म्हणून हे सारे इंजिन बंद ठेवूनच करायचे.

पेडलच्या पिनचा आवाज असेल तर नुसता तेलाचा फवारा मारल्याने तो लगेच थांबतो आणि थोड्याच दिवसांत परत येतो. गंज सोडवणारा पातळ फवारा उरलेसुरले ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतःही उडून जातो. खरा उपाय म्हणजे पिन बाहेर काढणे, जुना थर पुसणे, पिनवर खाच असेल तर ती बदलणे, नवे नायलॉन बुश घालणे आणि सिलिकॉन किंवा पांढरे लिथियम ग्रीस पातळसे लावणे. बुश अगदी स्वस्त असतात आणि पेडलचे डुलणे, करकर आणि हरवलेली चाल यांतला बराचसा भाग एकाच वेळी सुधारतो. ब्रेकचे पेडलही त्याच पिनवर असेल, तर त्याची क्लिप परत नीट बसली आहे याची दोनदा खात्री करावी; तिथे हलगर्जी चालत नाही.

केबलच्या आत तेल सोडावे की नाही, यावर गॅरेजमध्ये दोन मते ऐकू येतात. जुन्या, साध्या आवरणाच्या केबलला तेलाने फायदा होत असे. आजच्या बहुतेक केबलना आतून प्लॅस्टिकचे गुळगुळीत अस्तर असते. त्यांत इंजिन ऑइल सोडल्यास धूळ त्याला चिकटते, त्याचा चिकट गाळ होतो आणि पेडल आणखी जड होते. अशी केबल करकरू लागली तर तिचे अस्तर फाटलेले असते आणि तार थेट आवरणावर घासत असते. ती बदलणेच योग्य.

फोर्कचा दांडा ज्या गोल टेकणावर किंवा बुशवर हलतो ते गिअरबॉक्सच्या आवरणात असते. तिथली करकर बाहेरून पूर्ण बंद करता येत नाही. तिथला रबरी बूट, म्हणजे भोक झाकणारी रबरी टोपी, सरकवून आत फवारा मारण्याचा मोह टाळावा, कारण तेलाचे थेंब क्लच प्लेटवर पडले तर प्लेट घसरू लागते आणि ते अस्तर साफ होत नाही. नुसती करकर असेल, पेडलची चाल बरोबर असेल, तर गिअरबॉक्स अन्य कामासाठी उतरेपर्यंत ती सहन करायला हरकत नाही.

हायड्रॉलिक क्लच असेल तर

हायड्रॉलिक क्लचमध्ये केबलऐवजी पेडलपाशी मास्टर सिलिंडर, मध्ये नळी आणि गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर असतो, आणि ओढ पोचवण्याचे काम ब्रेक ऑइल करते. प्लेटची झीज इथे आपोआप भरून निघते : पाकळ्या मागे आल्या की स्लेव्हचा पिस्टनही मागे ढकलला जातो आणि थोडे ऑइल त्याच्या साठ्याच्या बाटलीत परत जाते. म्हणजे प्लेट झिजल्यामुळे क्लचच्या बाटलीतली पातळी कमी होत नाही. झालीच तर किंचित वाढते. क्लचची स्वतंत्र बाटली असेल आणि तिच्यातली पातळी उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे यात शंका नाही. ब्रेक आणि क्लच यांची बाटली एकच असेल तर ब्रेक पॅड झिजल्यानेही पातळी उतरते. अशा सामाईक बाटलीत क्लचची नळी बहुधा वरच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे ऑइल कमी झाले की आधी क्लच सोडून देतो आणि ब्रेकसाठी ऑइल राखले जाते. अशा गाडीत क्लचचे पेडल अचानक खाली गेले तर पहिली नजर बाटलीवर टाकावी आणि ब्रेकची तपासणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर वर येते, तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकते, बाहेर मात्र थेंबही दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतले सील गेले आहे. मास्टरची बाहेरची गळती डॅशबोर्डखाली, पेडलच्या दांड्याभोवतीच्या रबरी बुटाशी ओलसरपणा म्हणून दिसते; तो बूट बोटाने उचलून पाहावा. स्लेव्हची गळती गिअरबॉक्सपाशी सापडते. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगला जोडूनच गिअरबॉक्सच्या आवरणात बसवलेला असतो. तो गळू लागला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

हवा काढण्यासाठी, म्हणजे ब्लीडिंगसाठी, बाटली भरलेली ठेवून, स्लेव्हच्या निपलला, म्हणजे हवा सोडण्याच्या बारीक तोंडाला, पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवावे. मदतनिसाने पेडल दाबून धरावे, आपण निपल उघडावी, बुडबुडे निघाले की बंद करावी, आणि त्यानंतरच पेडल सोडायला सांगावे. हा क्रम उलटा झाला तर हवा आत ओढली जाते. ऑइल कोणते वापरायचे हे बाटलीच्या झाकणावर लिहिलेले असते, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. ते हवेतले पाणी शोषते, म्हणून कधीपासून उघडा पडलेला डबा वापरू नये. ते रंग खाते, म्हणून बॉनेटवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. आणि त्यात चुकूनही इंजिन ऑइल घालू नये. रबरी सील फुगून सगळी यंत्रणा बाद होते.

काही हायड्रॉलिक गाड्यांत पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या दांड्यावर आटे आणि लॉकनट असतात आणि पेडलची उंची तिथून बदलता येते. इथेही थोडी मोकळी चाल राखावीच लागते. दांडा पिस्टनला कायम टेकून राहिला तर ऑइल बाटलीत परत जाण्याचे बारीक छिद्र बंद राहते, इंजिनच्या उष्णतेने आतले ऑइल फुगते आणि पाय न लावताही क्लच अर्धवट सुटू लागतो. गाडी थंड असताना ठीक चालते आणि तासाभराच्या गर्दीनंतर घसरू लागते, तर हे आठवावे.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

बाहेरचे सगळे बरोबर आहे, फोर्कचा दांडा पूर्ण सरकतो आणि तरी क्लच सुटत नाही, अशी खात्री झाल्यावर आतले भाग पाहायचे : वाकलेला किंवा चिरलेला फोर्क, झिजलेले टेकण, खाच पडलेल्या पाकळ्या, वाकलेली प्लेट, किंवा गंजामुळे शाफ्टवर अडकणारा प्लेटचा मधला भाग. मजुरी एकदाच पडणार असल्याने त्या वेळी रिलीज बेअरिंग बदलून घ्यावे, फोर्कचे टेकण साफ करून त्याला उष्णता सोसणारे ग्रीस लावून घ्यावे, आणि शाफ्टच्या दातांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून घ्यावा. जास्त लावल्यास ते फिरताना उडून प्लेटवर जाते.

नवा सेट बसल्यावर केबलचा नट पुन्हा लावणे मात्र अनेकदा राहून जाते. जुनी प्लेट झिजत गेली तसा मोकळ्या चालीसाठी तो नट सैल केलेला असतो. नवी प्लेट जाड असल्याने पाकळ्या पुन्हा फ्लायव्हीलच्या बाजूला जातात आणि बेअरिंगपासूनचे अंतर वाढते. नट तसाच ठेवला तर नव्या सेटनिशी पेडल पूर्वीपेक्षाही खाली लागते आणि मालकाला वाटते की सामान खराब निघाले. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी गॅरेजमध्येच दोन बोटांनी मोकळी चाल पाहावी, रिव्हर्स टाकून पाहावा, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर, प्लेट नीट बसली की, तीच दोन मापे पुन्हा घ्यावीत.